अभिजात अर्थशास्त्राचा उत्कर्ष व उतार : दख्खन आणि नागपूर प्रांताचा अनुभव

अर्थशास्त्रीय विचारांचा इतिहास शिकविताना अभिजात संप्रदायाचा उदयास्त सांगण्याची एक ठरीव रीत आहे. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १८१७ साली रिकार्डोने त्या विचाराला तर्कशुद्ध रूप दिले, १८४८ साली जॉन स्टुअर्ट मिलने त्यावर कळस चढविला आणि १८७१ साली जेव्हन्स व मेंगर यांनी सीमांत उपयोगितेची कल्पना पुढे आणून तो कळस उतरविला, असा हा क्रम असतो. तो खोटा नाही. परंतु तो ग्रंथांचा इतिहास आहे. एका ग्रंथाला दुसऱ्या ग्रंथाने दिलेल्या उत्तराचा तो वृत्तांत आहे. या विचाराचा जेथे प्रत्यक्ष राज्यकारभारात प्रयोग झाला, त्या भूमीचा इतिहास त्यात येत नाही. अशा भूमींत महाराष्ट्राचा क्रम फार वरचा लागतो. इंग्लंडात रिकार्डोचे मत धान्याच्या कायद्यांपर्यंत पोहोचण्यास पार्लमेंट, जमीनदार आणि वृत्तपत्रे यांच्याशी झगडून १८४६ साल उजाडावे लागले. पुणे जिल्ह्याच्या शिवारात ते अवघ्या दहा-बारा वर्षांत पोहोचले होते, कारण येथे कोणाला विचारावयाचेच नव्हते. म्हणूनच या संप्रदायाच्या उतरणीचा क्रमही आपल्याकडे निराळा आहे. तो येथे आधी शेतात हरला, मग दुष्काळी कामांवर त्याची अब्रू गेली, आणि व्याख्यानगृहात त्याचे खंडन झाले ते सर्वांत शेवटी. या क्रमाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी दोन शब्द. या संप्रदायाला कित्येक मराठी लेखक ‘सनातन’ म्हणतात, कित्येक ‘अभिजात’. इंग्रजी संज्ञा मूळ मार्क्सची; केन्सने १९३६ साली तिची व्याप्ती एवढी वाढविली की मार्शलही तिच्यात सापडला. येथे ती स्मिथपासून केर्न्झपर्यंतच्या, म्हणजे सुमारे शंभर वर्षांच्या विचारापुरती घेतली आहे.

या विचारातील ज्या भागाने दख्खनच्या शेतकऱ्याला गाठले तो भाग म्हणजे रिकार्डोचा खंडसिद्धांत. सर्व जमिनी सारख्या कसाच्या नसतात. लोकसंख्या वाढू लागली की उत्तरोत्तर हलकी जमीन लागवडीस येते. धान्याचा भाव त्या सर्वांत हलक्या जमिनीवरील लागवडीच्या खर्चाने ठरतो; तीवर खंड मुळीच निघत नाही; आणि तिच्याहून चांगल्या जमिनीवर खर्च व साधारण नफा वजा जाता जो वाढावा राहतो तोच खंड. तो भावाचे कारण नसून भावाचे फळ आहे. यातून करासंबंधी जो निष्कर्ष निघतो तो राज्यकर्त्याला मोठा मोहक वाटेल असा आहे : हा वाढावा सरकारने घेतला तरी धान्य महागत नाही, मजुरी घटत नाही, नफा बुडत नाही. इंग्लंडात हा निष्कर्ष अमलात आणावयाचा म्हणजे जमीनदारवर्ग बुडवावयाचा. हिंदुस्थानात मात्र, जेम्स मिलच्या मते, सरकार आणि रयत यांच्यामध्ये असा वर्ग असण्याचे कारणच नव्हते. जेम्स मिल हा रिकार्डोचा स्नेही व त्याच्याकडून ग्रंथ लिहवून घेणारा. १८१९ सालापासून तो कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता व हिंदुस्थानकडे जाणारे महसुली खलिते त्याच्या हाताखालून जात. कंपनीच्या तरुण नोकरांना तयार करणाऱ्या हेलीबरीच्या विद्यालयात १८०५ पासून माल्थस अर्थशास्त्र शिकवीत होता. सिद्धांत, त्याला अनुकूल भूमी आणि तो पढलेले अंमलदार अशी तिन्ही सामग्री जुळून आली होती. विचाराच्या इतिहासात असा योग क्वचितच येतो.

हेलीबरीत शिकलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल या असिस्टंट कलेक्टराने १८२७ नंतरच्या तीन-चार वर्षांत पुणे जिल्ह्याच्या जमाबंदीचे जे काम केले, ते या योगाचे फळ होय. त्याची पद्धत कागदावर निर्दोष होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावयाचे. त्यातून बियाणे, बैल, औते, मजुरी इत्यादी लागवडीचा खर्च वजा घालावयाचा. राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे. मराठेशाहीतील कमाल आकार, गावाची ऐपत, मिरासदार व उपरी यांतील भेद, हे सारे या पद्धतीने गैरलागू ठरले. परंतु निव्वळ उत्पन्न म्हणजे काय याचा निर्णय करणार कोण? जो कुणबी स्वतः, बायकोपोरांसह, आपल्याच बैलांनी शेत कसतो, त्याच्या मेहनतीची किंमत कोणत्या दराने धरावी? त्याने कोणाला मजुरी दिलेली नसते आणि कोणाकडून घेतलेलीही नसते. इंदापुरासारख्या अवर्षणाच्या तालुक्यात ‘सरासरी पीक’ हा शब्द बोलण्यापुरता. तेथे एका वर्षी पीक येते, दुसऱ्या वर्षी कडबाही हाती लागत नाही. असे हजारो आकडे हाताखालच्या कारकुनांनी जमविले, आणि त्यांत अज्ञानाइतकाच लाचेचाही वाटा होता, हे पुढे सरकारी चौकशीतच निष्पन्न झाले. त्यातच धान्याचे भाव घसरले. आकारणी रोकड रकमेत बांधलेली; तिचा बोजा भाव उतरताच आपोआप वाढला. इंदापुरात जमिनी ओस पडल्या, कित्येक कुळे सीमेपलीकडे निजामाच्या मुलखात निघून गेली आणि बाकी सोडून देण्यापलीकडे सरकारला गत्यंतर उरले नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. प्रिंगलचा प्रयोग फसला तो तपशिलातील चुकांमुळे, असे कित्येकांनी लिहिले आहे. तेवढेच खरे मानले तर अधिक प्रामाणिक कारकून मिळताच तो यशस्वी व्हावयास हवा होता. वस्तुतः रिकार्डोच्या खंडाला एक विशिष्ट मनुष्य गृहीत आहे. तो भांडवल घेऊन शेतीत उतरतो, नफा साधारण दराहून कमी झाला की भांडवल काढून दुसऱ्या धंद्यात घालतो, आणि त्याच्या या ये-जेमुळेच खर्च, नफा व खंड एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. इंदापूरच्या कुणब्याला शेत सोडून जावयाचे ते निजामाच्या मुलखात, दुसऱ्या धंद्यात नव्हे. ज्या वाढाव्याला प्रिंगल खंड समजत होता त्यात त्या कुटुंबाची मजुरी, बैलाची झीज आणि पुढील दुष्काळाची बेगमी एकत्र कालवलेली होती.

हीच गोष्ट रिचर्ड जोन्सने १८३१ साली इंग्लंडात पुस्तकरूपाने मांडली होती. रिकार्डोचा खंड हा पृथ्वीच्या एका लहानशा कोपऱ्यातील भांडवलदार शेतकऱ्यांना लागू आहे. उरलेल्या जगात खंड रूढीने, सत्तेने आणि पोटाच्या गरजेने ठरतो, असे सांगून त्याने ‘रयतखंड’ हा एक स्वतंत्र वर्गच केला. माल्थसच्या मृत्यूनंतर १८३५ साली हेलीबरीतील त्याची जागा याच जोन्सला मिळाली. त्याच सुमारास गोल्डस्मिड व विंगेट हे इंदापुरात नवी मोजणी सुरू करीत होते. दोहोंचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. विंगेटने सिद्धांत नाकारला नाही. त्याला दुरून नमस्कार केला. जमिनीची खोली, रंग व दोष पाहून नऊ प्रती पाडावयाच्या, त्यांचे परस्पर मूल्य आण्यांत मांडावयाचे, आणि प्रत्यक्ष दर ठरविताना मागील वसुलीचा अनुभव, पाऊसमान व बाजाराचे अंतर पाहून एकंदर रक्कम अंदाजाने बांधावयाची, अशी त्याची रीत होती. निव्वळ उत्पन्न काढण्याचा खटाटोप त्यात नव्हता. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत तीस वर्षांच्या मुदतीने कायम केली, आणि १८६० नंतर ती वऱ्हाडातही आली.

आता नागपूर प्रांताकडे पाहावे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि त्या दशकातील जमाबंदीत येथील मालगुजारांना जमिनीची मालकी देण्यात आली. भोसल्यांच्या अमदानीत वसुलाचा जिम्मा घेणारा मनुष्य आता इंग्रजी अर्थाने जमीनमालक झाला. म्हणजे ज्या वर्गाला रिकार्डोच्या शास्त्राने आयतोबा ठरविले होते, तो वर्ग वर्धा नदीच्या अलीकडे सरकारने आपल्या हाताने निर्माण केला, आणि नदीपलीकडे वऱ्हाडात, त्याच दशकात, रयतवारीने तो टाळला. एकच सरकार, एकच शास्त्र आणि एकच काळी जमीन असता असे का व्हावे? याचे उत्तर अर्थशास्त्रात शोधण्यात हशील नाही. उत्तर हिंदुस्थानातील महसुली परंपरेतून आलेल्या अंमलदारांनी नागपूर बांधले, मुंबईच्या मोजणी खात्याने वऱ्हाड. सिद्धांत दोघांच्याही तोंडी होता. मालगुजारी पुढे १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली.

शेतात हा सिद्धांत असा मागे पडत असतानाच मराठी भाषेत मात्र तो नव्यानेच अवतरत होता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. या ग्रंथांनी मराठीला भांडवल, मागणी, श्रमविभाग या कल्पना बोलण्याची सोय करून दिली. तेवढ्यासाठीही त्यांचे ऋण मोठे आहे. पण ती केवळ भाषांतराची वृत्ती होती असे समजू नये. खुल्या व्यापाराचे तत्त्व समजावून सांगणारे लोकहितवादी त्याच सुमारास शतपत्रांतून देशी कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरावे असेही सांगत होते. त्याही आधी, १८४१ साली, भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून हिंदुस्थानची संपत्ती बाहेर जात असल्याचा आरोप उघडपणे केला होता. शास्त्र शिकणे आणि त्याच्या निष्कर्षांवर अविश्वास ठेवणे ही दोन्ही कामे आपल्याकडे एकाच पिढीने केली.

त्या अविश्वासाला कारण होते. खुल्या व्यापाराचे तत्त्व विदर्भात आले ते कापसाच्या गाडीतून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. सरकारने उद्योगात हात घालू नये असे सांगणाऱ्यांनीच या आगगाडीच्या कंपनीला भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी रयतेच्या पैशातून दिली होती, हे विसरून चालणार नाही. कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याच्या लिखाणात तर असा हिशेब मांडलेला आढळतो की, रेल्वेने विलायती कापड स्वस्त येऊन पडले म्हणजे येथील सूत काढणारे व विणणारे लोक मोकळे होऊन शेतमजुरीला मिळतील आणि कापूस अधिक पिकेल. श्रमविभागाचे तत्त्व याहून निःसंकोचपणे क्वचितच कोणी लिहिले असेल. नागपूर, उमरेड, पवनी येथील कोष्ट्यांच्या बाबतीत ‘मोकळे होणे’ या शब्दाचा अर्थ काय झाला असेल तो वेगळा सांगावयास नको.

यानंतर दुष्काळ. टंचाईच्या काळी धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हस्तक्षेपानेच टंचाईचा दुष्काळ होतो, हे स्मिथचे मत हिंदुस्थानातील अंमलदारांनी जणू धर्मवचनासारखे पाठ केले होते. १८६६ साली ओरिसात त्याचे परिणाम दिसले. पुढे १८७४ साली बिहारमध्ये रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून माणसे वाचविली, तेव्हा त्याची निर्भर्त्सना झाली ती उधळपट्टीबद्दल. हा टेंपल नागपूरला परिचित. १८६२ ते १८६७ या काळात बहुतांश तोच मध्यप्रांताचा चीफ कमिशनर होता. १८७७ च्या प्रारंभी व्हाइसरॉय लिटनने त्याला मुंबई व मद्रास इलाख्यांतील दुष्काळाच्या पाहणीस पाठविले, तेव्हा बिहारचा धडा त्याने उलट्या बाजूने गिरविला होता. दुष्काळी कामावरील मजुरास रोज एक पौंड धान्य व वर किरकोळ रोकड पुरे आहे असे त्याने ठरविले. दख्खनमध्ये हजारो मजुरांनी या वेतनावर काम करण्याचे नाकारले आणि ते कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जागोजागची माहिती मिळवून सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली.

रिकार्डोच्या शास्त्रात ‘नैसर्गिक वेतन’ नावाची एक संज्ञा आहे : मजुराचे व त्याच्या वंशाचे जेमतेम पोषण होईल एवढे वेतन. रिकार्डोने स्वतः असे स्पष्ट म्हटले आहे की ही मर्यादा देशाच्या चालीरीतींवर अवलंबून असते, ती शरीरधारणेची किमान मर्यादा नव्हे. टेंपलने ती तराजूत घालून तोलली. शास्त्रातील एक गृहीतकल्पना राज्यकारभारात उतरताना तिचे काय होते याचे याहून निर्वाणीचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि हे घडत असता इंग्लंडात त्या शास्त्राचे वेतनविषयक अंग त्याच्या आचार्याने नुकतेच सोडून दिले होते! १८६९ साली मिलने वेतननिधीचा सिद्धांत मागे घेतला. ज्याच्या पुस्तकाने त्याला हे करावयास लावले तो थॉर्नटन हा लंडनमधील इंडिया ऑफिसातलाच अधिकारी. मिलही १८५८ पर्यंत कंपनीच्याच नोकरीत होता. मजुरीचा निधी निश्चित नसतो, संघटित मजूर ती वाढवून घेऊ शकतात, हे ज्या कचेरीशी संबंधित दोन विद्वानांनी मान्य केले, त्याच कचेरीच्या अमलाखाली आठ वर्षांनी एका पौंडाचा दर ठरला. ग्रंथातील उतार कारभारात उतरण्यास फार काळ लागतो.

या पार्श्वभूमीवर न्यायमूर्ती रानडे यांचे १८९२ सालचे डेक्कन कॉलेजातील व्याख्यान वाचले पाहिजे. ‘हिंदी अर्थशास्त्र’ हा त्याचा विषय. त्याची ख्याती मोठी असल्याने बहुधा ते न वाचताच उद्धृत होते, आणि त्यात रानड्यांनी अभिजात शास्त्र खोटे ठरविले असा समज रूढ झाला आहे. तसे ते नाही. रानडे एलफिन्स्टनमध्ये हेच शास्त्र शिकविलेले गृहस्थ होते. त्यांनी केले ते एवढेच की, त्या शास्त्राची गृहीतकृत्ये एकामागून एक बाहेर काढून मांडली : मनुष्य स्वार्थानेच प्रेरित होतो, प्रत्येकाच्या स्वार्थातून सर्वांचे हित आपोआप साधते, भांडवल व श्रम जेथे मोबदला अधिक तेथे वाहत जातात, करार करणारे दोन्ही पक्ष सारखे स्वतंत्र असतात, इत्यादी. ही गृहीतकृत्ये कोणत्याही समाजात पूर्णपणे खरी नसतात. हिंदुस्थानात तर बहुतेक उलटीच आहेत, कारण येथे व्यक्तीहून कुटुंब व जात प्रबळ, चढाओढीहून रूढी प्रबळ, आणि श्रम व भांडवल दोन्ही जागच्या जागी खिळलेले. म्हणून या शास्त्राचे निष्कर्ष नियम म्हणून येथे लागू करता येत नाहीत. फ्रेडरिक लिस्ट आणि जर्मन ऐतिहासिक संप्रदाय यांचा आधार त्यांनी घेतला हे खरे. पण पुण्यातील श्रोत्यांना लिस्टची फारशी गरज नव्हती. दख्खनच्या शेतकरी कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून गावोगाव हिंडलेल्या मनुष्याने सावकार आणि कुणबी यांतील ‘स्वतंत्र करार’ प्रत्यक्ष पाहिलेला होता.

रानड्यांच्या विचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गौरवग्रंथांतून ती बहुधा गाळली जाते. शास्त्राची गृहीतकृत्ये येथे लागू नाहीत असे सिद्ध केल्यावर त्यांनी जो मार्ग सुचविला त्यात सरकारवर अपार भिस्त होती. १८९० च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी जावा बेटातील डच सरकारच्या सक्तीच्या लागवडपद्धतीचा गौरव केला. तोवर त्या पद्धतीची क्रूरता खुद्द हॉलंडात उघडकीस येऊन तीस वर्षे झाली होती आणि डच सरकार ती टप्प्याटप्प्याने आवरते घेत होते. शेतीच्या बाबतीत त्यांची दृष्टी प्रशियाकडे, सधन मालक-शेतकऱ्याकडे होती. ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा मजुराला त्यांच्या मांडणीत स्वतंत्र जागा नाही. मालगुजारीखालील नागपूर प्रांतातील कुळाला तर त्यांच्या पद्धतीतून उत्तर मिळणे अधिकच कठीण होते.

मात्र एका प्रश्नावर त्यांची टीका नेमकी लागू पडली, आणि तो प्रश्न नागपूरच्या दाराशी होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली होती. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी काढावी हा तिच्यामागील विचार. बेझनजी दादाभाई यांच्या व्यवस्थेखाली तिची भरभराट झाली. अभिजात शास्त्राच्या तुलनात्मक लाभाच्या नियमात हिंदुस्थानने कापूस पिकवावा व कापड विकत घ्यावे असे ठरले होते. ही गिरणी त्या नियमाचे जिवंत खंडन होते. १८८२ साली आयात-जकाती रद्द झाल्या होत्या. १८९४ साली तिजोरीच्या ओढीने त्या पुन्हा बसविणे भाग पडले, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावरही कर बसला. १८९६ साली आयात कापडावर शेकडा साडेतीन आणि देशी गिरणीच्या कापडावरही शेकडा साडेतीन असा समतोल साधण्यात आला. याला खुल्या व्यापाराचे नाव होते. मिलने स्वतः बाल्यावस्थेतील उद्योगाला तात्पुरते संरक्षण देण्यास हरकत नाही असे म्हटले होते; तो अपवाद इतर वसाहतींच्या उपयोगी पडला, येथे तो कोणी वाचला नाही. त्याच १८९६ साली मध्यप्रांतावर दुष्काळ आला आणि धान्याच्या व्यापारात हात न घालण्याचे जुने धोरण पुन्हा चालले. १८९९-१९०० च्या दुष्काळात मात्र त्याच प्रांतात सरकारी मदतीचा हात बराच सैल झालेला दिसतो. मतपरिवर्तनाची कबुली कोणत्याही अहवालात नाही.

देशी कापडावरील तो कर तब्बल तीस वर्षे चालला. तोवर इंग्लंडात रिकार्डोची जागा मार्शलने घेतली होती आणि १९२३ पासून हिंदुस्थान सरकारने निवडक उद्योगांस संरक्षण देण्याचे धोरणही पत्करले होते. कर तसाच होता. १९२५ च्या पावसाळ्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरी शेकडा साडेअकराने कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा मजुरांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला. डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला, मालकांनी मजुरीतील कपात मागे घेतली आणि संप मिटला.